पडेल उमेदवाराला मत द्यावं का?



संयोजकांनी मला विषयाची मोकळीक दिली. मी विषय घेतला तो निवडणुकीच्या आदल्या रात्री चिंचपोकळीतल्या प्रत्येक चाळीच्या जिन्यावर निघणारा. "माणूस चांगला आहे हो. तोंडावर बोलतो, कुणाच्या बापाला भीत नाही. पण येणार नाही तो. मग मत कशाला फुकट घालवायचं?" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि आपल्यातल्या पुष्कळांनी म्हटलंही आहे. आज त्या वाक्याची उलटतपासणी करायची आहे. ती करताना मी तुम्हाला गल्लीतल्या निवडणुकीपासून जरा लांब, राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीकडे नेणार आहे. कारण 'फुकट गेलेलं मत' म्हणजे नेमकं काय, हे तिथं जितकं उघड दिसतं तितकं आपल्या केंद्रावर दिसत नाही.

कुणी विचारेल, तिथं आम्हाला मत कुठं आहे? बरोबर आहे. राष्ट्रपती निवडतात ते निवडून आलेले खासदार आणि आमदार. पण आमदाराच्या मताचं मूल्य कशावरून ठरतं? राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येनं भागायचं आणि पुन्हा हजारानं भागायचं. १९७१ च्या जनगणनेवर केलेल्या या हिशेबानं महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे. हे १७५ त्याच्या खिशातून आलेले नाहीत. ती तुमची-आमची डोकी आहेत. तो तिथं आपलं मत घेऊन जातो. फक्त आपण त्याला कधी विचारत नाही की ते कुठं टाकलंस.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, आकडे लिहायचे असतात. पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, पूर्ण मूल्यानं जातात. मतदान गुप्त असतं आणि पक्षाला त्यासाठी व्हिप काढता येत नाही. एवढं ध्यानात ठेवा. कारण आता मी ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याची सगळी कथा या दुसऱ्या पसंतीभोवती फिरते.

चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. आयसीएस झाले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. कालिदासाचं मेघदूत मराठीत आणणारा हा गृहस्थ सभांमधून गर्जना करणारा नव्हता. तुमच्या डोळ्यांपुढे 'परखड उमेदवार' म्हटल्यावर जो माणूस उभा राहतो, बाह्या सरसावलेला, आवाज चढवलेला, तसे ते अजिबात नव्हते. तरीही मी त्यांना परखड म्हणतो. का म्हणतो?

१९५६ च्या जानेवारीत चला. १६ जानेवारीला पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून सांगितलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. पुढचे दिवस या वस्तीला नव्यानं सांगायला नकोत. आधी नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला होता. जानेवारीत शहरभर झाला. हुतात्मा चौकातल्या नावांमध्ये गिरण्यांत राबणाऱ्या घरांची नावं आहेत. त्याच आठवड्यात, १९ जानेवारीला, देशमुख अर्थमंत्री या नात्यानं रेडिओवर आले आणि त्यांनी आयुर्विम्याचा धंदा सरकार ताब्यात घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे बघा, एका आठवड्यात दिल्लीतून दोन भाषणं. एका भाषणानं मुंबई महाराष्ट्रापासून तोडली, दुसऱ्यानं विम्याचा पैसा सरकारच्या हाती आणला. आणि दुसरं भाषण करणारा माणूस पहिल्या भाषणानं आतून पेटलेला होता.

जूनमध्ये मुंबईतच काँग्रेसच्या महासमितीच्या बैठकीत नेहरूंनी पुन्हा जाहीर केलं की पाच वर्षं मुंबई केंद्रशासित राहील. जुलैत देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि लोकसभेत उभे राहून त्यांनी कारणं सांगितली. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर न होता परस्पर जाहीर झाला, हे एक. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकारनं नाकारली, हे दुसरं. समोर कोण होतं? जवाहरलाल नेहरू. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेले नेहरू. आणि बोलणारा कोण? त्यांच्याच सरकारचा अर्थमंत्री, ज्याच्यामागे ना पक्षाची फळी, ना जातीचं पाठबळ, ना साखर कारखाना.

मंडळी, परखडपणाची माझी व्याख्या इथून निघते. शत्रूबद्दल कडक बोलायला काय लागतं? टाळ्या तर लगेच पडतात. स्वतःच्या माणसांना, स्वतःच्या पुढाऱ्याला, हातात खुर्ची असताना सुनावणं, तेही नेमकं सुनावणं, अमुक दिवशी अमुक निर्णय असा झाला आणि तो चुकीचा झाला अशा शब्दांत, याला लागतं ते वेगळं. देशमुखांनी त्याची किंमत मोजली. पुढं १९५९ मध्ये त्यांनी मंत्र्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करण्यासाठी कायमचं, उच्च दर्जाचं न्यायाधिकरण नेमा अशी मागणी केली, आणि असं मंडळ नेमलंत तर मी प्रकरणं पुढं ठेवतो असंही सांगितलं. नेहरूंनी ते मान्य केलं नाही. लोकपाल हा शब्द देशाच्या तोंडी बसायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आता १९६९.

मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. काँग्रेसमध्ये आधीच दोन तट होते. एका बाजूला पक्षातले जुने धनी, ज्यांना वर्तमानपत्रं सिंडिकेट म्हणत. दुसऱ्या बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी. पक्षानं नीलम संजीव रेड्डींना उमेदवार केलं. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही करणारे हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी दुसऱ्याच दिवशी पद सोडून अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी मिळून उभे केले चिंतामणराव देशमुख.

गिरींबद्दल या सभेत दोन वाक्यं बोलायलाच हवीत, कारण ते कामगार चळवळीतले. रेल्वे कामगारांची संघटना बांधलेली, आयटकचं अध्यक्षपद भूषवलेलं. केंद्रात कामगारमंत्री असताना १९५४ मध्ये सरकारनं बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूचा निवाडा बदलला, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. त्या वेळी अर्थमंत्री कोण होते, ठाऊक आहे? देशमुखच. म्हणजे १९६९ च्या मतपत्रिकेवर तत्त्वासाठी खुर्ची सोडलेली दोन माणसं समोरासमोर होती आणि त्यातल्या एकाच्या राजीनाम्याच्या वेळी दुसरा सरकारात बसलेला होता. माणसं अशी गुंतागुंतीची असतात. ज्यांना सगळं काळंपांढरं हवं असतं त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

देशमुख निवडून येणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांना स्वतःला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांची मिळून ताकद ती किती! मग या पडेल उमेदवारीनं झालं काय? मंडळी, त्या निवडणुकीची दिशाच तिनं ठरवली. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले. तुमची पहिली पसंती देशमुखांना असू द्या, दुसरी रेड्डींना द्या, ही त्यांची मागणी. ही भेट बाहेर फुटली आणि इंदिरा गांधींच्या बाजूला हवं ते कारण मिळालं. पक्षाचा उमेदवार विरोधकांशी हातमिळवणी करतोय, मग आम्ही पक्षाला का बांधील राहावं? सदसद्विवेकबुद्धीनं मत द्या, अशी हाक निघाली. साम्यवादी गिरींच्या बाजूला होतेच, द्रमुक होता, अकाली होते. काँग्रेसचीही मतं फुटली.

१६ ऑगस्टला मतदान झालं. आकडे सावकाश सांगतो, कारण सगळं सार त्यात आहे. पहिल्या पसंतीची मतं मूल्यानुसार अशी: गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. म्हणजे गिरींना साडेसोळा हजारांहून जास्त मतं कमी पडली. मग देशमुखांची आणि इतर बारक्या उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मतं मोजली. रेड्डींकडे गेली जवळजवळ ९२ हजार. गिरींकडे आली साडेअठरा हजार. शेवटचा आकडा: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

आता गिरींकडे आलेली ती साडेअठरा हजार काढून घ्या. गिरी राहतात ४,०१,५१५ वर आणि रेड्डी त्यांच्यापुढं निघून जातात. भारताचा राष्ट्रपती बदलतो! पडलेल्या उमेदवारांना पहिली पसंती देऊन दुसऱ्या आकड्यापाशी 'गिरी' लिहिणारे जे थोडे लोकप्रतिनिधी होते, त्यांच्या मतांवर त्या दिवशी निकाल फिरला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली आणि देशाच्या राजकारणाचा पुढचा सगळा काळ वेगळा झाला. आता मला सांगा, यातलं कुठलं मत फुकट गेलं?

तरीही मी देशमुखांच्या उमेदवारीला नुसती मान डोलावणार नाही. त्यांच्यामागे उभे होते कोण? स्वतंत्र पक्ष, ज्याचा सरकारी मालकीला जन्मजात विरोध. आणि देशमुख कोण? इम्पीरियल बँकेची स्टेट बँक त्यांच्याच कारकिर्दीत १९५५ मध्ये झाली. विम्याचं मघाशी सांगितलं. बँकांच्या प्रश्नावरून देश ढवळून निघालेला असताना, बँक आणि विमा सरकारकडे आणणारा माणूस त्या धोरणाच्या कट्टर विरोधकांचा उमेदवार झाला होता. त्यांच्या मतांचा मोठा भाग दुसऱ्या पसंतीनं रेड्डींकडे जाणार हे राजकारणातल्या पोरालाही कळत होतं. म्हणजे त्यांचं नाव, त्यांची पुण्याई, त्यांचा १९५६ चा राजीनामा दुसऱ्याच्या डावात वापरला जात होता. अशा वेळी परखड माणसानं परखडपणे सांगायला हवं होतं की माझ्या मतदारांनी दुसरा आकडा कुणापुढं लिहावा. परखडपणाची कसोटी उमेदवारी स्वीकारताना सर्वांत जास्त लागते, आणि तिथं चिंतामणराव मला कमी पडलेले दिसतात.

मग मी आमदार असतो, तुमचा आमदार, तर काय केलं असतं? पहिली पसंती देशमुख, दुसरी पसंती गिरी. मुंबईसाठी खुर्ची सोडणाऱ्या माणसाचं ऋण या शहराच्या प्रतिनिधीनं फेडायलाच हवं होतं. १९५६ मध्ये आपल्या रस्त्यांवर रक्त सांडत होतं तेव्हा दिल्लीत चौकशीची मागणी करत उभा राहिलेला हा माणूस. आणि कामगारांच्या पदरात पडायचं ते माप दुसऱ्या आकड्यानं पूर्ण वजनानं गिरींच्या पारड्यात पडलं असतं. त्या मतपत्रिकेवर या दोन्ही निष्ठा एकत्र नांदू शकत होत्या.

देशमुखांच्या आधी आणखी एक मुंबईकर राष्ट्रपतिपदाला उभा राहून पडला होता. प्राध्यापक के. टी. शहा. मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे अध्यापक, काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीचे चिटणीस, घटना समितीचे सभासद. घटना समितीत त्यांनी इतक्या दुरुस्त्या मांडल्या आणि त्यांतल्या इतक्या पडल्या की दुसरा माणूस गप्प बसला असता. १५ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी सुचवलं की भारत हे धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी राज्य असेल असं घटनेच्या पहिल्याच कलमात लिहा. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला, आणि त्यांच्या विरोधाला स्वतःचं तर्कशास्त्र होतं: समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवावं, घटनेनं त्यांचे हात बांधू नयेत. दुरुस्ती पडली. १९५२ मध्ये शहा राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले. मतांचं मूल्य, राजेंद्रप्रसाद ५,०७,४००, शहा ९२,८२७. चोवीस वर्षांनी, १९७६ मध्ये, शहांच्या दुरुस्तीतले धर्मनिरपेक्ष आणि समाजवादी हे शब्द घटनेच्या सरनाम्यात आले. ते आणीबाणीत आले, विरोधकांना तुरुंगात ठेवून आले, याचं मला दुःख आहे आणि ते मी लपवणार नाही. पण पडलेल्या माणसाचं म्हणणं पडत नाही, याचा दाखला मी दुसरा कोणता देऊ?

काही जण म्हणतात, उभं राहायला कुणीही राहतं, सगळ्यांनाच का मोठेपणा द्यायचा? त्यांचंही ऐकलं पाहिजे. रोहतकचे चौधरी हरी राम १९५२ पासून लागोपाठ पाच वेळा राष्ट्रपतिपदाला उभे राहिले. १९६७ च्या निवडणुकीत सतरा उमेदवार होते, त्यांतल्या नऊ जणांना एकही मत पडलं नाही. १९६९ मध्ये पंधरा उमेदवार होते, पाच जण शून्यावर. म्हणून १९७४ मध्ये दहा सूचक आणि दहा अनुमोदक हवेत असा नियम झाला, आणि १९९७ मध्ये तो पन्नास आणि पन्नास झाला. अनामतही अडीच हजारांवरून पंधरा हजार. हौशी उमेदवार यानं थांबले, मान्य. पण ज्याच्यामागे शंभर लोकप्रतिनिधी नाहीत असा एखादा के. टी. शहाही यानं थांबतो. दहा-दहा पुरेसे होते, असं माझं मत आहे.

१९९७ साल आलंच आहे तर शेषन यांच्याबद्दल बोलतो. इथं बसलेल्या पुष्कळांना ती निवडणूक आठवत असेल, कारण शिवसेनेनं त्यांना पाठिंबा दिला होता. मुख्य निवडणूक आयुक्त राहिलेले टी. एन. शेषन म्हणजे परखडपणाचं मूर्तिमंत रूप, असं देश मानत होता. भिंती रंगवणं त्यांनी थांबवलं, खर्चाचा हिशेब मागितला, मतदारांना ओळखपत्र देण्याचा हट्ट धरला. आपल्या हातातलं मतदार ओळखपत्र त्या हट्टातून आलेलं आहे आणि त्याचं श्रेय त्यांना मनापासून दिलं पाहिजे. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत के. आर. नारायणन यांच्यापुढं त्यांना सुमारे पाच टक्के मतं मिळाली. मी त्यांना मत दिलं असतं का? नाही. मुख्य निवडणूक आयुक्ताला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखं घटनेचं संरक्षण असतं. त्या चिलखतात राहून त्यांनी जे केलं ते मोठंच होतं. पण राष्ट्रपती होऊन ते कोणता प्रश्न पुढं नेणार होते, कुणासाठी बोलणार होते, हे त्या उमेदवारीतून मला दिसलं नाही. दोन वर्षांनी ते काँग्रेसच्या तिकिटावर गांधीनगरला अडवाणींविरुद्ध उभे राहिले आणि हरले. स्पष्ट बोलणं ही ताकद आहे खरी, पण ती कशाला जुंपली आहे हे मतदारानं विचारलंच पाहिजे.

याच्याशेजारी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभं करा. २००२. समोर अब्दुल कलाम, ज्यांच्यामागे जवळजवळ सगळा देश. नेताजींच्या आझाद हिंद सेनेत झाशीची राणी पलटणीचं नेतृत्व केलेली ही बाई, वय सत्याऐंशी, डाव्या पक्षांची उमेदवार. जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. मतमूल्य १,०७,३६६ विरुद्ध ९,२२,८८४. पण पराभवानंतर त्या कुठं गेल्या? कानपूरला. गरिबांसाठी चालवलेल्या आपल्या दवाखान्यात. त्या डॉक्टर होत्या आणि उतारवयातही रुग्ण तपासत राहिल्या. उमेदवार हरल्यावर काय करतो, हे पाहून मला त्याच्या आधीच्या शब्दांचं वजन कळतं. निवडणुकीपुरती जीभ चालवणारे पुष्कळ असतात.

आता आपल्या केंद्राकडे वळतो. इथं आकडे लिहायचे नसतात, एकच बटण. इथं वांधा होतो. मत फुटतं, आणि नको तो माणूस त्या फटीतून आत येतो. ही भीती खोटी नाही. २००० साली अमेरिकेत ग्राहक चळवळीचे राल्फ नेडर उभे राहिले, फ्लोरिडा राज्यात त्यांना ९७ हजारांवर मतं पडली आणि त्या राज्यात बुश जिंकले ते अवघ्या ५३७ मतांनी. त्या ५३७ मतांनी जगाचं काय झालं ते इराकमधल्या माणसांना विचारा. म्हणून मी तुम्हाला 'हिशेब करू नका' असं सांगायला आलेलो नाही. हिशेब करा. लढत अटीतटीची असेल, एका बाजूनं येणाऱ्या माणसाकडून तुमच्या शेजाऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर आधी तो धोका अडवा. मनातला उमेदवार थांबेल.

पण हिशेब करताना एक विचारा: हा पडेल आहे, हे ठरवलं कुणी? १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांपुढं जॉर्ज फर्नांडिस हे नाव घेताना लोक हसत होते. पाटील तीनदा महापौर, केंद्रात मंत्री, मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर सभेत बजावणारे. जॉर्ज छत्तिशीतला नगरसेवक, टॅक्सीवाले आणि महापालिकेच्या कामगारांचा पुढारी. त्याच्या प्रचारात सगळा भर एकाच गोष्टीवर होता: पाटलांना पाडता येतं. लोकांना ते पटलं आणि पाटील पडले. येणार नाही, येणार नाही असं जे आपण म्हणत राहतो, त्यानंच पुष्कळदा माणूस येत नाही.

आणि उलटंही पाहा. बाबासाहेब १९५२ मध्ये मुंबईत उभे राहिले आणि काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. १,२३,५७६ लोकांनी त्यांना मत दिलं होतं. मला कुणी तरी सांगा, त्या सव्वा लाखातल्या कुणाच्या नातवाला आज वाटतं की आजोबांनी मत फुकट घालवलं?

गिरणी संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मी या भागातून परत जाऊ शकत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, अडीच लाख कामगार. १९८४ च्या डिसेंबरात निवडणूक आली तेव्हा तो संप प्रत्यक्षात मोडला होता. घरातली भांडी गेली होती, माणसं गावी गेली होती. इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती, चारशेवर जागा. त्या लाटेत दक्षिण-मध्य मुंबईनं डॉक्टरांना खासदार केलं. त्यामुळं गिरण्या उघडल्या का? नाही उघडल्या. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, ज्यानं कामगारांना एकाच मान्यताप्राप्त संघटनेच्या दावणीला बांधलं होतं, तो गेला का? नाही गेला. मग ते मत कशासाठी होतं? सरकार म्हणत होतं, मालक म्हणत होते, वर्तमानपत्रं म्हणत होती की संप संपला, कामगार कंटाळला, डॉक्टरला विसरला. त्यावर कामगारानं मतपेटीतून दिलेलं ते लेखी उत्तर होतं. आणि ते उत्तर सरकारी नोंदीत कायमचं आहे. कुणाला पुसता येणार नाही.

मी मघापासून ज्या कसोट्या लावतोय त्या डॉक्टरांनाही लावाव्या लागतील. ते काँग्रेसचे आमदार असताना आणीबाणीत तुरुंगात गेले होते, म्हणजे आपल्याच बाजूला अंगावर घेण्याची किंमत त्यांनी दिली होती. पण संप कुठं थांबवावा, तडजोड कधी करावी, हे आपल्या माणसांना सांगण्याचा परखडपणाही पुढाऱ्यात लागतो. तो त्यांनी दाखवला का, यावर या हॉलमध्येच दोन तट पडतील. पडू देत. इतक्या वर्षांनीही तो वाद जिवंत आहे ही चांगली गोष्ट आहे.

राष्ट्रपतिपदाची पुढची निवडणूक २०२७ च्या मध्यावर आहे. त्याआधी करता येण्याजोगं एक काम मी तुमच्यापुढं ठेवतो. तुमचा आमदार शिवडीचा असो, भायखळ्याचा असो की वरळीचा, त्याला पत्र लिहा. प्रत्येक मंडळानं, प्रत्येक सोसायटीनं, गिरणी कामगारांच्या प्रत्येक संघटनेनं लिहावं. त्यात तीन प्रश्न विचारा. आमच्या डोक्यांवरून मोजलेलं १७५ चं मत तू कुणाला देणार आहेस? दुसरी पसंती कुणाला? आणि लोकांसाठी खुर्चीवर पाणी सोडलेला, सूचक-अनुमोदकांची गरज असलेला एखादा उमेदवार तुझ्या दारात आला, तर त्याच्या अर्जावर सही करशील का? मतदान गुप्त आहे, असं उत्तर येईल. सही गुप्त नसते, हे त्याला कळवा. आणि उत्तर येईल ते इथल्या फलकावर लावा, म्हणजे पुढच्या विधानसभेला तो तुमच्या जिन्यावर येईल तेव्हा ते वाचायला मिळेल.